पुस्तक एक, बाप्तिस्मे दोन

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ख्रिस्ती घरं विरळ. त्यामुळे लग्न असो की मयत, पाहुणे लांबून येतात. वसईहून कॅथलिक सोयरे येतात, नगरकडून प्रोटेस्टंट भाऊबंद, तर कल्याण-उल्हासनगरहून पेंटेकॉस्टल मंडळीत जाणारा एखादा पुतण्या. जेवणं झाली, सतरंजीवर पान-सुपारी आली की बोलणं देवधर्माकडे वळतं आणि मग एक प्रश्न निघतोच. एका भावाच्या डोक्यावर तो दोन महिन्यांचा असताना पाळकांनी पाणी घातलेलं असतं. दुसऱ्याने विसाव्या वर्षी चारचौघांत साक्ष दिलेली असते आणि नदीच्या पाण्यात पूर्ण बुडून तो वर आलेला असतो. हा दुसरा पहिल्याला म्हणतो, “दादा, तुझा बाप्तिस्मा शास्त्राप्रमाणे झालेलाच नाही.” दादा विचारतो, “कुठल्या शास्त्राप्रमाणे?” दोघेही बायबल उघडतात, दोघांनाही हवं ते वचन सापडतं. दुसऱ्या दिवशी तीच वचनं मोबाइलवर नातेवाइकांच्या ग्रुपमध्ये फिरू लागतात आणि पुढच्या लग्नात दोघं एका पंगतीला बसत नाहीत.

बाहेरच्याला वाटतं, यांच्यापैकी एकाने पुस्तक नीट वाचलेलं नसणार. प्रत्यक्षात दोघांनीही ते मन लावून वाचलेलं असतं. छापलेला मजकूर आणि त्यातून काढलेला अर्थ यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या असतात आणि माणसं वेगवेगळ्या पायऱ्यांवर एकमेकांपासून फुटतात. आपण कुठल्या पायरीवर फुटलो हे कळलं नाही, तर वाद वर्षानुवर्षं चालतो आणि कोणाचंच समाधान होत नाही.

मजकूर जिथे गप्प आहे

बाप्तिस्म्याचंच उदाहरण घेऊ. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै शहरातले दोन प्रसंग आहेत. जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी लुदिया ही बाई पौलाचं बोलणं ऐकते, आणि तिचा व तिच्या घराण्याचा बाप्तिस्मा होतो. पुढे त्याच शहरात भूकंपाच्या रात्री तुरुंगाचा अधिकारी घाबरून पौलाकडे धावतो आणि पहाट व्हायच्या आत घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतो. या घरांत कोण कोण होतं? पाळण्यातली मुलं होती का? लेखक सांगत नाही.

लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे म्हणतात, त्या काळचं घर म्हणजे नवरा-बायको आणि दोन मुलं इतकंच नव्हे. त्यात म्हातारी माणसं, नोकर, गुलाम, लेकरं सगळी आली. घरातल्या कर्त्याने जो मार्ग धरला तो घराचा मार्ग. शिवाय यहुदी परंपरेत मुलग्याची सुंता आठव्या दिवशी होत असे, म्हणजे देवाच्या करारात त्याला न विचारताच घेतलं जाई. मग नव्या करारात मुलांना दाराबाहेर का ठेवायचं?

प्रौढ बाप्तिस्मा मानणारे त्याच पुस्तकातला क्रम दाखवतात. आधी वचन ऐकलं, मग विश्वास ठेवला, मग पाणी. जिथे जिथे तपशील दिला आहे तिथे हाच क्रम आहे. तान्हं मूल ऐकूही शकत नाही आणि पश्चात्तापही करू शकत नाही. घराण्यात मुलं होती असं लिहिलेलं नसताना ती होती असं धरायचं, हे त्यांना पटत नाही.

दोन्ही बाजू मजकुरातली एकच रिकामी जागा भरत आहेत. एक बाजू ती कराराच्या जुन्या परंपरेने भरते, तर दुसरी प्रत्यक्ष वर्णन केलेल्या प्रसंगांनी. म्हणून ‘वचन दाखव’ असं म्हणून हा वाद मिटत नाही, कारण भांडण वचन संपतं तिथून पुढे सुरू होतं.

इतिहासात डोकावलं तरी उत्तर सरळ मिळत नाही. उत्तर आफ्रिकेतल्या तर्तुलियन या लेखकाने इ.स. २००च्या सुमारास लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नये असं लिहिलं. त्यावर एक बाजू म्हणते, प्रथा चालू होती म्हणूनच त्याला थांबा म्हणावं लागलं. दुसरी म्हणते, इतक्या लवकर कोणी हरकत घेतली, म्हणजे ती प्रथा सर्वमान्य नव्हती. दोन्ही म्हणणी त्याच ओळींवर उभी आहेत.

या वादात माणसांचे जीवही गेले आहेत. स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिक शहरात जानेवारी १५२५ मध्ये काही प्रोटेस्टंटांनी, बालपणी बाप्तिस्मा झालेला असूनही, एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. शहराच्या प्रोटेस्टंट सत्ताधाऱ्यांनी त्यावर बंदी घातली. फेलिक्स मान्झ ऐकेना, तेव्हा जानेवारी १५२७ मध्ये त्याला हातपाय बांधून लिमाट नदीत बुडवून मारलं. मारणारे आणि मरणारा, दोघेही बायबल हाच एकमेव आधार मानणारे होते.

पत्र वाचताना

नव्या करारातली एकवीस पुस्तकं पत्ररूपात आहेत. कल्याण-मुरबाड एसटीत शेजारचा माणूस मोबाइलवर मोठ्याने बोलत असतो, तेव्हा आपल्याला एकच बाजू ऐकू येते. “नाही, अजिबात देऊ नकोस,” असं तो म्हणतो. पैसे की जमीन की मुलगी, हे आपण अंदाजाने ठरवतो. पौलाची पत्रं आपण तशीच ऐकतो. करिंथच्या मंडळीने त्याला काय लिहिलं होतं, ते पत्र आज उपलब्ध नाही.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो स्त्रियांनी सभेत प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं असं सांगतो. म्हणजे त्या बोलत होत्या, हे गृहीतच आहे. चौदाव्या अध्यायात मात्र स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं येतं. एकाच माणसाच्या एकाच पत्रात दोन्ही कसं? कोणी म्हणतात, दुसरी सूचना करिंथमधल्या एखाद्या विशिष्ट गोंधळापुरती होती. कोणी ती सर्वकाळाची मानतात आणि अकराव्या अध्यायाचा अर्थ आवळून घेतात. काही अभ्यासकांचं लक्ष हस्तलिखितांकडे जातं, कारण ‘गप्प राहावं’ ही वचनं काही जुन्या प्रतींत त्या अध्यायाच्या अगदी शेवटी आढळतात. मला स्वतःला पहिला अर्थ अधिक पटतो. पण तो मी पलीकडची बाजू कल्पून काढलेला आहे, हे मला मान्य केलंच पाहिजे. समोरच्यानेही त्याची कल्पना तशीच मान्य केली, तर बोलणं पुढे सरकतं.

नकलनवीस, स्वल्पविराम आणि वचनांचे क्रमांक

बायबलच्या कुठल्याही पुस्तकाची मूळ, लेखकाच्या हातची प्रत आज अस्तित्वात नाही. आहेत त्या नकलांच्या नकला, आणि त्या हाताने उतरवलेल्या. बहुतेक फरक किरकोळ आहेत, काही मात्र मोठे आहेत. मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचनं चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत, सिनाय आणि व्हॅटिकन या प्रतींत, नाहीत. प्रौढ बाप्तिस्म्याच्या बाजूने नेहमी पुढे केलं जाणारं, विश्वास आणि बाप्तिस्मा यांची जोडी घालणारं वचन नेमकं या बारांत येतं. व्यभिचारात धरलेल्या बाईची योहानातली गोष्टही या दोन्ही प्रतींत नाही. आजच्या अनेक आवृत्त्या असे उतारे कंसात किंवा तळटीप देऊन छापतात. म्हणून वादात उतरण्याआधी तळटीप वाचलेली बरी.

या जुन्या ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं जवळजवळ नव्हती, शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. लूकच्या तेविसाव्या अध्यायात वधस्तंभावरचा गुन्हेगार येशूकडे दयेची याचना करतो. येशू त्याला सुखलोकाचं आश्वासन देतो आणि त्या वाक्यात ‘आज’ हा शब्द आहे. स्वल्पविराम ‘आज’च्या आधी टाकला, तर तो गुन्हेगार मरणाच्या दिवशीच सुखलोकात पोहोचतो. ‘आज’च्या नंतर टाकला, तर येशू फक्त आश्वासन आज देतो, ते पुरं केव्हा होणार हे मोकळं राहतं. बहुतेक चर्च पहिलं वाचन मानतात. मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत निद्रिस्त असतो असं मानणारे सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट आणि यहोवाचे साक्षीदार दुसरं मानतात. मरणोत्तर अवस्थेविषयीची दोन वेगळी मतं त्या एका चिन्हाच्या जागेत दडलेली आहेत. चिन्हाने मत ठरलं की मताने चिन्ह ठरलं, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे तपासावं.

वचनांचे क्रमांकही लेखकांनी घातलेले नाहीत. आज वापरात असलेले अध्याय तेराव्या शतकात पडले. नव्या करारातल्या वचनांना क्रमांक दिले ते फ्रेंच मुद्रक रोबेर एस्तिएन याने १५५१च्या आवृत्तीत. शोधायला सोय झाली, पण एक सवयही लागली. सलग पत्रातलं एक वाक्य क्रमांकासकट उचलायचं आणि समोरच्यावर फेकायचं. आज फोनवर फुलांच्या चित्रावर छापून येणारं एकुलतं एक वचन याच सवयीचा पुढचा टप्पा आहे. फोनवरच्या वादात मी एकच पथ्य पाळायला सांगेन. वचन पाठवायचं असेल तर त्याच्या मागचा-पुढचा परिच्छेदही पाठवा. निम्मे वाद तिथेच मऊ पडतात.

> चौकट : आपण नेमके कुठे फुटलो?
> मजकूर कोणता, हाच प्रश्न असेल, तर हस्तलिखितं आणि पुस्तकांची यादी पाहावी लागते. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. तोबित, यहुदीथ, मक्काबी अशी पुस्तकं पहिल्यात आहेत, दुसऱ्यात नाहीत.
> मजकूर तोच, पण प्रसंग कळत नसेल, तर ते पत्र कोणाला आणि का लिहिलं हे शोधावं.
> मजकूर काहीच बोलत नसेल, तर आपण ती जागा कशाने भरतो आहोत हे उघड सांगावं.
> हे सगळं मान्य होऊनही भांडण उरलं, तर ते अर्थाचं नाही, अधिकाराचं आहे.

निवाडा कोणी करायचा?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड. कॅथलिक चर्चच्या मते शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा एकत्र वाचायची असतात, आणि अधिकृत अर्थ सांगण्याचं काम पोप व बिशपांचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. प्रोटेस्टंट सुधारकांनी अंतिम अधिकार शास्त्रालाच दिला. पण पुस्तक स्वतः उठून बोलत नाही, म्हणून प्रत्येक चर्चने आपापले मतांगीकार आणि आपापल्या सभा उभ्या केल्या. पेंटेकॉस्टल मंडळ्या पवित्र आत्म्याच्या आजच्या अनुभवालाही मोठं वजन देतात.

हा पेच महाराष्ट्रात ज्या व्यक्तीने सर्वांत खोलवर भोगला, ती म्हणजे पंडिता रमाबाई. पुण्यातल्या अँग्लिकन सिस्टरांच्या ओळखीतून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेज इथे गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा आणि त्यांच्या लहानग्या मुलीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. पण लवकरच या आजीबाईंशी कडाक्याचा वाद सुरू झाला.

रमाबाईंचा प्रश्न असा की, त्रैक्याचा सिद्धांत चर्चने ज्या शब्दांत बांधला आहे तो बायबलमध्ये तसा दिसत नाही, मग तो मी चर्चच्या सांगण्यावरून का मानावा? आजीबाईंचं म्हणणं, तू या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलास, तर त्याची शिकवणही स्वीकार. नुकत्याच आलेल्या विद्यार्थिनीने गुरूशी असा वाद घालणं त्यांना गर्वाचं वाटलं. मे १८८५ मधल्या पत्रात रमाबाईंनी निक्षून कळवलं की देवाने आपल्याला स्वतंत्र सदसद्विवेक दिलेला आहे, आणि एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसऱ्याचं मानेवर घ्यायची आपली तयारी नाही. क्रूसावरची लॅटिन अक्षरंही त्यांना खटकली. आमच्या लोकांसाठी असेल तर संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. तरुण पुरुषांना शिकवू नये असा बिशपांचा सल्ला आला, तेव्हा माझ्या वडिलांनी आणि पतीने जे कधी अडवलं नाही ते तुम्ही का अडवता, हा त्यांचा सवाल होता.

चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांची रीत वेगळी होती. त्या रमाबाईंचे आक्षेप ऐकून घेत, युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर देत, आणि या बाईला विचार करायला वाव द्या असं वाँटेजला कळवत. मला बीलबाईंची रीत अधिक शहाणपणाची वाटते. पण जेराल्डिनबाईंची तळमळ खोटी नव्हती. ज्या पत्रांत त्यांच्यावर घणाघात होता ती सगळी पत्रं त्यांनी जपून ठेवली, क्रमाने लावली. म्हणून महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाला १९७७ मध्ये ती ग्रंथरूपाने काढता आली. विरोधकाचे शब्द न बदलता सांभाळणं ही लहान गोष्ट नाही.

रमाबाईंची मतं पुढे बदलली, त्यांनी ख्रिस्ताचं देवत्व मनापासून स्वीकारलं. ते कोणाच्या हुकुमाने नव्हे, स्वतःच्या वाचनातून आणि १८९०च्या दशकातल्या अनुभवातून. १९०५ मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली तासन्‌तास प्रार्थनेत रडू लागल्या, काही अनोळखी भाषांत बोलू लागल्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची, जगभर गाजलेली अशीच जागृती १९०६ ची, म्हणजे केडगावनंतरची. अन्यभाषांचं वरदान प्रेषितांच्या काळातच संपलं, असं मानणाऱ्यांनी टीका केली. उलट अमेरिकेतले काही पेंटेकॉस्टल पुढारी म्हणू लागले की अन्यभाषा आली तरच पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा खरा. मुक्तीने दोन्ही टोकं नाकारली. हे दान खरं आहे, पण प्रत्येकाला ते मिळालंच पाहिजे असं नाही, ही तिथली भूमिका राहिली.

नागपूरला काय ठरलं

वाद असूनही एकत्र येण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच राज्यात झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्च एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं. त्याची बोलणी १९२९ मध्ये लखनौला सुरू झाली होती. म्हणजे एक्केचाळीस वर्षं लागली. त्यात अँग्लिकन होते, प्रेसबिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचं युनायटेड चर्च होतं, बाप्टिस्ट होते, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, डिसायपल्स आणि ब्रदरन मंडळी होती. अमेरिकी परंपरेचं मोठं मेथडिस्ट चर्च मात्र अगदी शेवटी, १९७० मध्येच, मागे सरलं.

या सहांत लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे होते आणि ती प्रथा साफ अमान्य असणारेही. तोडगा असा निघाला की दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये राहतील. आईवडिलांनी बाळाचा बाप्तिस्मा करावा, किंवा बाळाचं फक्त समर्पण करून ते मोठं झाल्यावर त्याला स्वतः ठरवू द्यावं. पहिल्या वाटेने गेलेल्यालाही मोठेपणी आपल्या तोंडाने विश्वासाची कबुली द्यावी लागेल. म्हणजे पाणी आधी की कबुली आधी, एवढाच फरक उरला आणि दोन्ही गोष्टी दोघांनाही आवश्यक ठरल्या. अर्थाचा वाद त्यांनी सोडवला नाही. तो सोडवल्याशिवाय एकत्र राहता येतं का, एवढाच प्रश्न त्यांनी घेतला. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने खाण्यापिण्याच्या आणि सणावारांच्या वादात हाच मार्ग सुचवला आहे. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, या वादात मात्र तोच पौल तसूभरही हलत नाही. कुठला वाद कुठल्या गटातला, हे आधी ठरवावं लागतं आणि एक्केचाळीस वर्षांतली बरीच वर्षं त्यातच गेली असणार.

या सहांतल्या ब्रदरन मंडळींचा जुन्या ठाणे जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. १७०८ मध्ये जर्मनीत आठ जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेऊन ही मंडळी सुरू केली. त्यांचे मिशनरी अमेरिकेतून १८९४ मध्ये भारतात आले आणि वलसाड, डहाणू भागांत त्यांनी शाळा आणि दवाखाने काढले. ते प्रौढाला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने तीन वेळा पाण्यात बुडवत. प्रभुभोजनाआधी एकमेकांचे पाय धूत, कारण योहानाच्या तेराव्या अध्यायात येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि तसंच करायला सांगितलं. इतर चर्च त्यातून नम्रतेचा धडा घेतात, ब्रदरन मंडळी ती आज्ञा शब्दशः पाळते.

नागपूरच्या ऐक्यानंतर गुजरातमधल्या काही ब्रदरनांना वाटलं, आपली मंडळी विलीन झालेलीच नाही. भांडण मालमत्तेवरून कोर्टात गेलं आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपलं. नुसत्या विलीनीकरणाच्या ठरावाने नोंदणीकृत सार्वजनिक न्यास विसर्जित होत नाही आणि त्याची मालमत्ता आपोआप दुसऱ्याकडे जात नाही, असं सांगून न्यायालयाने चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या बाजूचं अपील फेटाळलं. कायद्याच्या दृष्टीने निकाल स्पष्ट आहे. पण पाय धुण्याची आज्ञा अक्षरशः पाळणाऱ्यांच्या पदरी चार दशकांचं भांडण यावं, याचं मला वाईट वाटतं. बाप्तिस्म्यावर नागपूरला इतका बारीक विचार झाला, पण गावातली चर्चची इमारत आणि जमीन कोणाच्या नावावर राहील हा प्रश्न तितक्या खोलात गेला नाही.

पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का, या प्रश्नावर आजची स्थिती अशी आहे. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरतं. त्यामुळे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा सभासद कॅथलिक झाला, तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. १९८२ मध्ये पेरूच्या लिमा शहरात वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसच्या ‘फेथ अँड ऑर्डर’ आयोगाने बाप्तिस्म्यावर निवेदन तयार केलं. त्यात कॅथलिक धर्मशास्त्रज्ञही सामील होते, आणि पुनर्बाप्तिस्मा समजला जाईल अशी कुठलीही कृती टाळावी असा सल्ला त्यात आहे. बऱ्याच पेंटेकॉस्टल आणि बाप्टिस्ट मंडळ्या तो मानत नाहीत, कारण त्यांच्या लेखी बालपणीचा विधी हा बाप्तिस्माच नव्हे, मग पुन्हा देण्याचा प्रश्न येतो कुठे? इथे दोन्ही बाजू आपापल्या जागी सुसंगत आहेत. म्हणून घरात असा प्रसंग आला, तर वचनांची देवाणघेवाण करण्याआधी पाळकाला किंवा फादरांना एवढंच विचारावं की तुमचं चर्च कोणाचा बाप्तिस्मा ग्राह्य धरतं आणि कशाच्या आधारावर.